रहस्यकथेतील धीट स्त्रिया आणि त्यांची लेखिका

रहस्यकथेत पूर्वी स्त्रीच्या वाट्याला मोजकीच कामे येत. एक तर तिचा खून व्हायचा, नाहीतर प्रेत प्रथम तिच्या दृष्टीस पडायचे आणि तिने किंकाळी फोडून मूर्च्छित व्हायचे. पुढचा सगळा तपास, पाठलाग आणि उलगडा पुरुषाच्या हाती असे. मराठी वाचकालाही रहस्यकथा म्हटली की प्रथम बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड आठवतात. इंग्रजी वाचणाऱ्याला शेरलॉक होम्स आठवतो. या पुरुषी दरबारात अमेरिकेतील एका तीन मुलांच्या आईने १९०७ च्या नोव्हेंबरात एक प्रौढ कुमारिका आणून उभी केली. तिचे नाव रेचल इनिस. रात्री जिन्यावर पावले वाजली की ही बाई दाराला कडी घालून बसत नाही. दिवा घेऊन जिन्याकडे जाते.

रेचल इनिसची निर्मिती करणाऱ्या मेरी रॉबर्ट्स राइनहार्ट यांना पुढे अमेरिकेची ॲगाथा ख्रिस्ती असे बिरुद चिकटले. हे बिरुद गौरवाचे असले तरी काळाच्या हिशेबाने उलटे आहे. ख्रिस्तीबाईंची पहिली कादंबरी १९२० मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांची मिस मार्पल १९२७ मध्ये वाचकांसमोर आली. तोवर राइनहार्ट यांच्या नायिका अमेरिकेतील घराघरांत ठाऊक झालेल्या होत्या.

मेरी एला रॉबर्ट्स हिचा जन्म १२ ऑगस्ट १८७६ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲलेघेनी सिटी येथे झाला. पोलादाच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पिट्सबर्गसमोर, नदीच्या पलीकडच्या तीरावर हे गाव होते. पुढे ते पिट्सबर्गातच विलीन झाले. वडील शिवणयंत्रांचे विक्रेते होते. त्यांचा खरा ओढा मात्र शोध लावण्याकडे होता. शिवणयंत्राच्या बॉबिनमध्ये त्यांनी सुधारणा केली, पण त्या सुधारणेतून घरात पैसा काही आला नाही. धंदा बसला आणि आईला घरात भाडेकरू ठेवावे लागले. मुलगी डावखुरी होती. त्या काळच्या शाळेने तिला उजव्या हाताने लिहायला लावले. डॉक्टर व्हावे असे तिला वाटे, पण त्या शिक्षणाचा खर्च घराच्या आवाक्याबाहेर होता. तेव्हा १८९३ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने पिट्सबर्गच्या होमिओपॅथिक रुग्णालयात परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी नाव घातले.

तिच्या पुढच्या सगळ्या लेखनाचे मूळ या रुग्णालयात आहे, असे माझे मत आहे. पिट्सबर्ग त्या वेळी धुराने काळवंडलेले, रात्रंदिवस राबणारे शहर होते. गिरण्या, भट्ट्या आणि रेल्वे यांतून रोज भाजलेली, चिरडलेली माणसे रुग्णालयात येत. दारू पिऊन मारामारी केलेले येत, वेश्यावस्तीतल्या आजारी मुली येत. प्रतिष्ठित घरातल्या मुलीने ज्यांचे नावही घेऊ नये अशा या माणसांच्या जखमा धुणे, शस्त्रक्रियेच्या खोलीत रक्ताच्या बादल्या उचलणे, मरणाऱ्याच्या उशाशी रात्र काढणे हे तिचे नित्याचे काम झाले. आपल्याकडे सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांच्या पिढीने स्त्रीच्या शिक्षणासाठी झगडा मांडून चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. अमेरिकेतही भल्या घरच्या मुलीने परिचारिका होणे लोकांना अजून पुरते पचलेले नव्हते.

प्रशिक्षण चालू असतानाच, १८९५ मध्ये, वडिलांनी बफेलो येथील एका हॉटेलात पिस्तुलाने स्वतःचे आयुष्य संपवले. मेरी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. रहस्यकथाकार मृत्यूला कोड्याच्या रूपात मांडतात. राइनहार्ट यांच्या कथांत मात्र मृत्यूनंतर घरातल्या माणसांवर जी अवकळा येते, शेजारीपाजारी ज्या नजरेने पाहू लागतात आणि पैशाचा प्रश्न ज्या निष्ठुरपणे समोर येतो, त्याचे वर्णन फार खरे उतरते. ते कुठून आले हे शोधायला दूर जावे लागत नाही.

त्याच रुग्णालयात डॉ. स्टॅनली मार्शल राइनहार्ट हे शल्यविशारद होते. डॉक्टर आणि परिचारिका यांनी एकमेकांच्या प्रेमात पडणे रुग्णालयाच्या शिस्तीत बसणारे नव्हते. तरी ते पडले. प्रशिक्षण पूर्ण होताच एप्रिल १८९६ मध्ये दोघांचे लग्न झाले. १८९७ ते १९०२ या काळात स्टॅनली, ॲलन आणि फ्रेडरिक असे तीन मुलगे झाले. नवऱ्याचा दवाखाना घरातच असल्याने मेरी फोन घेत, रुग्णांना बसवत, मुलांची आजारपणे काढत. हे असेच चालू राहिले असते, तर त्यांचे नाव आज कुणाला माहीत असण्याचे कारण नव्हते.

१९०३ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. या तरुण जोडप्याने जमवलेली पुंजी त्यात गेलीच, शिवाय १२,००० डॉलरचे कर्ज डोक्यावर बसले. त्या काळी ही रक्कम एखाद्या मध्यम कुटुंबाला आयुष्यातून उठवणारी होती. मेरी लिहायला बसल्या त्या कर्ज फेडण्यासाठी. मुले झोपल्यावर, नवरा रुग्णाच्या घरी गेलेला असताना, मिळेल त्या अर्ध्या तासात त्यांनी लिहिले. 'मन्सीज मॅगझिन'ने पहिल्या कथेचे ३४ डॉलर पाठवले. पहिल्या वर्षभरात त्यांनी ४५ कथा लिहिल्या आणि १,८०० डॉलरच्या वर कमाई केली. लेखनामागे पोटाचे कारण आहे म्हटले की आपल्याकडचे रसिक अजूनही नाक मुरडतात. पण वाण्याचे बिल समोर ठेवून लिहिणाऱ्या माणसाला पाल्हाळ परवडत नाही. राइनहार्ट यांच्या कथेला जी गती आहे, तिचे थोडे श्रेय त्या कर्जालाही द्यायला हवे.

मन्सी यांच्या मासिकांचे संपादक रॉबर्ट डेव्हिस यांनी त्यांना दीर्घ कथा लिहायला सुचवले. त्यातून 'द मॅन इन लोअर टेन' ही रेल्वेच्या डब्यात घडणारी रहस्यकथा १९०६ मध्ये आणि 'द सर्क्युलर स्टेअरकेस' ही पुढच्या वर्षी मासिकातून क्रमशः आली. मासिकातली कथा मासिकाबरोबर रद्दीत जाते, असाच मेरी यांचा समज होता. तिचे पुस्तक करावे असे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने सुचवले, पण कोणाकडे पाठवावे हे त्यांना ठाऊक नव्हते. घरातल्या कपाटातून त्यांनी एक रहस्यकादंबरी काढली, तिच्यावरचे प्रकाशकाचे नाव पाहिले आणि हस्तलिखित इंडियानापोलिसच्या त्या बॉब्ज-मेरिल कंपनीकडे रवाना केले. कपाटातून निघालेले पुस्तक ॲना कॅथरीन ग्रीन यांचे होते. या ग्रीनबाईंनी १८७८ मध्ये 'द लेव्हनवर्थ केस' लिहून अमेरिकेत गुप्तहेर कादंबरीला बाजार मिळवून दिला होता आणि १८९७ मध्ये अमेलिया बटरवर्थ नावाची चौकस, उच्चभ्रू कुमारिका तपासाला जुंपली होती. एका लेखिकेच्या पुस्तकाने दुसरीला प्रकाशकाचा पत्ता द्यावा, हा योग रहस्यकथेत कुणी घातला असता तर संपादकाने तो खोडला असता.

पुस्तक १९०८ मध्ये निघाले. कथानक थोडक्यात असे. रेचल इनिस पुतण्या-पुतणीला घेऊन उन्हाळ्यापुरता सनीसाइड नावाचा मोठा बंगला भाड्याने घेते. सोबतीला लिडी ही जुनी मोलकरीण. बाईसाहेब जितक्या धीट तितकीच ती घाबरट, आणि दोघींची धुसफूस हा पुस्तकातला मोठा गमतीचा भाग आहे. दुसऱ्याच रात्री कुणीतरी बंगल्यात वावरू लागते, लवकरच गोल जिन्याच्या पायथ्याशी बंगल्याच्या मालकाच्या मुलाचे प्रेत सापडते, आणि त्याच सुमारास या मालकाची बँक बुडते. संशय रेचलच्या मुलांवर येतो. मुलांना वाचवण्यासाठी ती पोलिसांपासून काही गोष्टी लपवते, काही स्वतः शोधते. रात्री कबर उकरायला गेलेल्या पुरुषांबरोबर ती उभी असते. शेवटी ती एका गुप्त खोलीत, अंधारात, गुन्हेगाराबरोबर कोंडली जाते. आणि एवढे सगळे झाल्यावर, शहरातले शांत आयुष्य आता अळणी झाले, पुन्हा एखादा असाच बंगला भाड्याने मिळाला तर बरे, असे या बाईला वाटते. बँक बुडण्याचे कथानक मासिकातून येऊ लागले त्याच्या आदल्याच महिन्यात, ऑक्टोबर १९०७ मध्ये, अमेरिकेत खरोखरच बँकांपुढे ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या. वाचकांना ही गोष्ट घरची वाटली असल्यास नवल नाही.

गमतीचा भाग असा की मेरी यांनी हे पुस्तक त्या काळच्या गंभीर चेहऱ्याच्या गुप्तहेरकथांची थोडी थट्टा करण्यासाठी लिहिले होते. समीक्षकांनी ते गंभीरपणेच घेतले आणि वाचकांनी डोक्यावर घेतले. पुढच्या काळात त्याच्या साडेबारा लाख प्रती खपल्या. १९०९ मध्ये 'द मॅन इन लोअर टेन' पुस्तकरूपाने आले आणि त्या वर्षीच्या अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या कादंबऱ्यांत चौथ्या क्रमांकावर गेले.

या यशाबरोबर एक टोमणाही चिकटला, तो आजतागायत सुटलेला नाही. राइनहार्ट यांची नायिका आपली हकीकत सगळे घडून गेल्यावर सांगते. त्यामुळे मधूनच ती म्हणते की, हे मला तेव्हाच कळले असते तर पुढचा अनर्थ टळला असता. या लकबीची पुढे इतक्या जणींनी नक्कल केली की 'तेव्हा कळले असते तर' हे एका अख्ख्या संप्रदायाचे नाव होऊन बसले आणि ऑग्डेन नॅश या विनोदी कवीने त्याची यथेच्छ टर उडवली. नकला खरोखरच कंटाळवाण्या होत्या. पण मूळ लकब क्रमशः छापल्या जाणाऱ्या कथेची गरज होती. महिनाभर वाचकाला धरून ठेवायचे तर हप्त्याच्या शेवटी असा खिळा मारावा लागतो. शिवाय घरातल्या बाईने सांगितलेल्या हकीकतीचा तो स्वाभाविक घाट आहे. आपल्याकडची एखादी आत्या जुने प्रकरण सांगताना, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती, असे म्हणते आणि ऐकणारे पुढे सरकून बसतात. याला कोणी कथनातला दोष म्हणत नाही.

रेचल इनिसपेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती हिल्डा ॲडम्स. १९१४ मध्ये दोन दीर्घ कथांतून ती प्रथम आली. हिल्डा ही प्रशिक्षित परिचारिका आहे. एका जखमी पोलीस गुप्तहेराची शुश्रूषा करत असताना त्याच्या लक्षात येते की परिचारिकेइतका उत्तम हेर दुसरा मिळणार नाही. मोठ्या घरांत पोलीस शिरले की सगळी तोंडे मिटतात. परिचारिकेला मात्र घरचे लोक स्वतः बोलावून नेतात, मध्यरात्री जागी राहायला सांगतात आणि थोड्याच वेळात तिच्या अस्तित्वाचा त्यांना विसर पडतो. औषधाचा चमचा हातात घेऊन ती कोणत्याही खोलीत जाऊ शकते. तापात बडबडणारा रोगी तिच्यापुढे सगळे ओकतो. कोणता प्याला अर्धाच प्यायला गेला, कोणाच्या हाताला कंप आहे, कोणाला झोप लागलेली नाही हे पाहणे तर तिचे कामच. पुढे पोलीस तिला थट्टेने मिस पिंकर्टन म्हणू लागतात, कारण पिंकर्टन ही अमेरिकेतील नामांकित खासगी हेरसंस्था. याच नावाची कादंबरी १९३२ मध्ये आली आणि त्याच वर्षी जोन ब्लाँडेल या अभिनेत्रीने ती पडद्यावर रंगवली. १९४२ च्या 'हाँटेड लेडी'त हिल्डा पुन्हा येते. तिथे एका श्रीमंत वृद्धेच्या बंद खोलीत वटवाघळे आणि उंदीर सापडू लागतात. म्हातारीला भ्रम झाला आहे असे घरचे सांगतात. हिल्डा आधी वटवाघूळ पकडते आणि मग बोलते.

हिल्डाचा धीटपणा हाणामारीचा नाही. १९८२ मध्ये सारा परेट्स्की आणि स्यू ग्राफ्टन यांनी आपापल्या स्त्री खासगी हेर वाचकांपुढे आणल्या. त्या पिस्तूल बाळगतात, मार खातात आणि देतात. राइनहार्ट यांच्या नायिकेपाशी घड्याळ, तापमापक आणि किल्ल्यांचा जुडगा असतो. पण रक्त पाहून तिला भोवळ येत नाही, प्रेताला हात लावताना ती कचरत नाही आणि दमलेली असली तरी पहाटेपर्यंत जागी राहते. पिट्सबर्गच्या रुग्णालयात ज्या मुलीने हे सगळे सतराव्या वर्षी केले, तिला अशी नायिका कल्पनेने रचावी लागली नाही. शिवाय हिल्डाच्या मनात एक बोच सतत राहते. विश्वासाने घरात घेतलेल्यांचीच आपण हेरगिरी करतो, हे शुश्रूषेच्या धर्मात बसते का, हा प्रश्न तिला सुटत नाही आणि लेखिकाही तो सोडवून देत नाही.

परिचारिकेला दार उघडते हे मेरी यांनी लवकरच स्वतःवरच आजमावून पाहिले. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या साप्ताहिकासाठी वार्तांकन करायला त्या जानेवारी १९१५ मध्ये युरोपला निघाल्या. त्यांचे वय तेव्हा अडतीस होते आणि घरी तीन मुलगे होते. पश्चिम आघाडीवर वार्ताहरांना कडक बंदी होती. नावाजलेले पुरुष वार्ताहर लंडन-पॅरिसमध्ये अडकून पडले होते. मेरी यांनी आपण प्रशिक्षित परिचारिका आहोत, रुग्णालयांना काय हवे ते अमेरिकेला सांगायला आलो आहोत, हा मुद्दा पुढे केला. बेल्जियन रेड क्रॉसच्या मदतीने त्या बेल्जियममध्ये उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत पोहोचल्या, जखमींच्या वॉर्डांतून फिरल्या, खंदकांपर्यंत गेल्या आणि एका रात्री दोन सैन्यांच्या मधल्या ओसाड भूमीतही जाऊन आल्या. बेल्जियमचा राजा आल्बर्ट आणि इंग्लंडची राणी मेरी यांच्या मुलाखती त्यांनी घेतल्या. या लेखांचे पुस्तक 'किंग्ज, क्वीन्स अँड पॉन्स' या नावाने त्याच वर्षी आले. राजांपेक्षा त्यातली प्यादी अधिक लक्षात राहतात. पट्ट्या संपल्या म्हणून फाडलेल्या चादरी, सैनिकांचे सडलेले पाय हे तपशील वॉर्डात राबलेल्या बाईच्या नजरेला दिसले.

युद्धावरून परतल्यावर त्याच उन्हाळ्यात त्या रॉकी पर्वतातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात घोड्यावरून शेकडो मैल फिरल्या आणि त्यावरही पुस्तक लिहिले. तिथल्या ब्लॅकफीट आदिवासींच्या हलाखीविषयी त्यांनी पुढे सरकारदरबारी आवाज उठवला. युद्ध संपले तेव्हा, नोव्हेंबर १९१८ मध्ये, त्या पुन्हा पॅरिसमध्ये होत्या. सॅम्युअल गोल्डविन यांनी चित्रपटांसाठी नामवंत लेखक गोळा केले त्यातही त्या होत्या, पण हॉलिवूडमध्ये त्यांचे मन रमले नाही.

त्यांच्या लेखणीला एक हसरी बाजूही होती. लेटिशिया कारबेरी ऊर्फ टिश ही पन्नाशीची कुमारिका, ॲगी आणि लिझी या आपल्या दोन समवयस्क मैत्रिणींना घेऊन मोटार हाकते, रानात तळ ठोकते, महायुद्धातही जाऊन येते. या कथा 'पोस्ट'मधून जवळपास पाव शतक येत राहिल्या. त्या केवळ विनोदी म्हणून बाजूला टाकल्या जातात. मला मात्र टिश ही रेचल इनिसची सख्खी बहीण वाटते.

रंगभूमीवरचे त्यांचे सर्वांत मोठे यश म्हणजे 'द बॅट'. 'द सर्क्युलर स्टेअरकेस'चाच आधार घेऊन त्यांनी ॲव्हरी हॉपवूड यांच्याबरोबर हे नाटक लिहिले आणि ऑगस्ट १९२० मध्ये ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. ८६७ प्रयोग झाले. वटवाघळाचे सोंग घेऊन फिरणारा गुन्हेगार आणि त्याला पुरून उरणारी कॉर्नेलिया व्हॅन गॉर्डर ही वृद्धा, असा सामना त्यात आहे. या नाटकावर १९३० मध्ये 'द बॅट व्हिस्पर्स' हा चित्रपट निघाला. बॅटमॅनचे एक जनक बॉब केन यांनी आपल्याला बॅटमॅन सुचण्यामागे हा चित्रपटही होता, असे पुढे नमूद केले आहे. आज जगभरची मुले ज्या काळ्या झग्यातल्या वीराची चित्रे दप्तरावर मिरवतात, त्याची एक मुळी अशी पिट्सबर्गच्या डॉक्टरीणबाईंच्या घरात निघते.

आता एक विसंगती. रेचल, हिल्डा, टिश, कॉर्नेलिया या राइनहार्ट यांच्या सर्वांत स्वतंत्र नायिकांपैकी एकीचेही लग्न झालेले नाही. उलट लेखिका स्वतःविषयी बोलताना नेहमी पत्नी आणि आई हीच आपली खरी ओळख सांगत. बाईचे पहिले कर्तव्य घर, लेखन नंतर, असे त्यांनी अनेक लेखांत मांडले. त्यांची कमाई नवऱ्याच्या कमाईच्या कितीतरी पुढे गेली. त्या अमेरिकेत सर्वाधिक मानधन घेणाऱ्या लेखकांत गणल्या जाऊ लागल्या. डॉ. राइनहार्ट यांनी पुढे व्यवसाय सोडून पत्नीचे आर्थिक व्यवहार हाती घेतले. तरीही १९३१ मध्ये लिहिलेल्या 'माय स्टोरी' या आत्मचरित्रात लेखिकेचा हिशेब कमी आणि गृहिणीची सफाई जास्त आहे. हा त्या काळाशी केलेला सौदा होता, की खरोखरची श्रद्धा? सौदाच होता असे मला वाटते, पण तो इतकी वर्षे पाळला गेला की श्रद्धेपासून वेगळा काढता येऊ नये. जे स्वातंत्र्य त्यांनी स्वतःसाठी उघडपणे मागितले नाही, ते आपल्या कुमारिकांना मात्र सढळ हाताने दिले. अर्ध्या रात्री घराबाहेर पडताना रेचल इनिसला कुणाला विचारावे लागत नाही.

त्यांच्या पुस्तकांत आज खटकणारे बरेच आहे, तेही सांगायला हवे. कृष्णवर्णीय नोकर, परदेशातून आलेले गडी यांची चित्रे त्या काळच्या गोऱ्या, सुखवस्तू अमेरिकनाच्या पूर्वग्रहांतून रंगवलेली आहेत. सनीसाइडचा कृष्णवर्णीय बटलर भुताखेतांना भिणारा दाखवून त्याच्यावर हशा पिकवला आहे. ज्या लेखिकेने परिचारिकेच्या गणवेशामागचे माणूस दाखवले, तिला नोकराच्या गणवेशामागचे माणूस क्वचितच दिसले. ही उणीव मोठी आहे आणि पुढे येणाऱ्या हकीकतीच्या संदर्भात ती अधिकच जाणवते.

त्यांच्या दोघा मुलांनी १९२९ मध्ये जॉन फॅरर यांच्याबरोबर फॅरर अँड राइनहार्ट ही प्रकाशनसंस्था काढली. नव्या संस्थेला बळ मिळावे म्हणून आईने १९३० मध्ये 'द डोअर' ही कादंबरी तिला दिली. खून बटलरने केला, ही जगभर रूढ झालेली थट्टा या कादंबरीवरून आली असे मानतात. नेमके हे वाक्य पुस्तकात कुठेही नाही, आणि बटलरने खून करण्याच्या गोष्टी त्यापूर्वीही लिहिल्या गेल्या होत्या. पण नाव राइनहार्टबाईंचे झाले.

१९३२ मध्ये डॉ. राइनहार्ट वारले. तीन वर्षांनी मेरी वॉशिंग्टनचे घर सोडून न्यूयॉर्कला आल्या. १९३६ मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. पुढे मेन राज्यातील बार हार्बर या समुद्रकाठच्या गावी त्यांनी उन्हाळ्यात राहण्यासाठी बंगला घेतला.

१९४७ हे वर्ष त्यांच्यासाठी विलक्षण ठरले. जूनमध्ये, बार हार्बरच्या घरी त्या ग्रंथालयाच्या खोलीत वाचत बसल्या असताना त्यांचा स्वयंपाकी पिस्तूल घेऊन आत आला. सुमारे पाव शतक तो त्यांच्याकडे नोकरीला होता. घरात नवा बटलर नेमल्याने तो दुखावला होता, असे सांगतात. ती जागा आपल्याला मिळावी अशी त्याची अपेक्षा होती. त्याने चाप ओढला, पण गोळी सुटली नाही. सत्तर वर्षांच्या, हृदयविकार असलेल्या मेरी उठून नोकरांच्या दालनाकडे धावल्या. मोटारचालकाने पिस्तूल हिसकावून घेतले. त्यानंतर तो सुरे घेऊन पुन्हा त्यांच्यावर धावून आला आणि पुन्हा त्याला अडवण्यात आले. त्याला कोठडीत टाकले गेले आणि तिथेच त्याने गळफास लावून घेतला. वृत्तपत्रांना या प्रसंगात रहस्यकथेची गंमत दिसली. पंचवीस वर्षे एका घरात राबलेल्या माणसाच्या मनात काय साचत गेले होते, ते मात्र सगळे जग वाचून काढणाऱ्या त्या घरच्या लेखिकेलाही उमगले नव्हते.

याच सुमारास, जुलै १९४७ च्या 'लेडीज होम जर्नल'मध्ये त्यांनी आपल्या कर्करोगाची हकीकत नावानिशी प्रसिद्ध केली. त्या काळी मृत्युलेखातदेखील कर्करोग हा शब्द टाळत. दीर्घ आजार म्हणत. स्तनाच्या कर्करोगाविषयी तर बायका एकमेकींतही बोलत नसत. लक्षावधी घरांत जाणाऱ्या मासिकात एका नामांकित वृद्धेने, मला हा रोग झाला, शस्त्रक्रिया झाली आणि अकरा वर्षांनंतरही मी जिवंत आहे, असे सांगणे म्हणजे काय होते याची कल्पना आज करणे अवघड आहे. गाठ लागली तर लाजू नका, वेळ घालवू नका, तपासून घ्या, एवढेच सांगणे होते. त्यांनी लिहिलेल्या साऱ्या शब्दांत हेच शब्द सर्वांत धीट ठरावेत. ते लिहिताना वॉर्डातली परिचारिकाच परत जागी झाली होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार हार्बरला भीषण वणवा लागला. अनेक टोलेजंग बंगले भस्मसात झाले, त्यात राइनहार्ट यांचाही होता. दुसऱ्या वर्षी त्यांनी आत्मचरित्राला नवी प्रकरणे जोडून ते पुन्हा छापले.

'द स्विमिंग पूल' ही त्यांची अखेरची कादंबरी १९५२ मध्ये आली, तेव्हा त्या पंचाहत्तरी ओलांडत होत्या. मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका या संघटनेने १९५४ मध्ये त्यांना विशेष पुरस्कार दिला. तोवर त्यांच्या पुस्तकांच्या एकूण खपाने एक कोटीचा आकडा गाठला होता.

२२ सप्टेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्क येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन या राष्ट्रीय सैनिकी स्मशानभूमीत पतीच्या शेजारी त्यांचे दफन करण्यात आले. डॉ. राइनहार्ट यांनी महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय दलात मेजर म्हणून काम केले होते. मेरी यांना तिथे जागा मिळाली ती मेजरसाहेबांची पत्नी म्हणून. आघाडीचे खंदक मात्र त्या १९१५ मध्येच, अमेरिका युद्धात उतरण्याच्या दोन वर्षे आधी, पाहून आल्या होत्या.